शेपटीचा प्रश्न

रास्ता पेठेत, भांड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला.
खाली मशीन किरकिरतं,
स्टीलच्या डब्यावर नाव कोरलं जातं,
अमुक यांजकडून, तमुक यांच्या विवाहाप्रीत्यर्थ,
आणि वर ससाणे सर
फळ्यावर एक वाक्य लिहून
त्याला शेपूट काढतात.

शेपूट उलटं वळतं, सर सांगतात.
वाक्य होकारी, तर शेपूट नकारी.
वाक्य नकारी, तर होकारी.
शी कम्स, डझन्ट शी?
शी डझन्ट कम, डज शी?
मी वहीत उतरवते आणि मनात म्हणते, अहो सर,
आमच्याकडे एका 'ना'त भागतं.
आलास ना. गेली ना. जेवशील ना.
काल, उद्या, तो, ती, ते, सगळ्यांना एकच,
वॉर्डातल्या एकुलत्या थर्मामीटरसारखा:
पुसायचा, झटकायचा,
पुढच्याच्या काखेत.

मी इथं का आले, सांगते.
बेड नंबर अकरा, केंदूरचे गेनभाऊ थिटे, हर्निया.
भुलीची डॉक्टर नवीन, कोचीची,
मास्कच्या आतून घाईत म्हणाली,
सिस्टर, ही हॅजन्ट ईटन एनिथिंग, हॅज ही?
मी म्हटलं, येस डॉक्टर.
येस, म्हणजे बरोबर बोललात,
काही खाल्लेलं नाही,
रात्री दहाला तांब्यासुद्धा मीच उचलून ठेवलाय.
तिनं ऐकलं, खाल्लंय.
ट्रॉली दारातून मागे फिरली.
खुलासा होईपर्यंत लिस्ट पुढे सरकली होती.
थिटे छताकडे बघत म्हणाले,
बाई, मी तर चूळसुद्धा गिळली नाही,
मग जेवलं कोण?

हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.
म्हणाले, इंग्रजीत उत्तर माणसाला देत नाहीत,
घडलेल्याला देतात.
विचारणाऱ्याचं बरोबर का चूक, ते सोडा.
खाल्लं असेल तर येस. नसेल तर नो.

आम्ही आधी माणसाला हो म्हणतो.
हो, नाही आले ते.
हो, नाही मिळाली रजा.
हो, नाही राहिलं मूल.
दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं
तसा आधी हो,
मग काय असेल ते.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, जुन्नरला,
आईनं करंज्यांचं सारण ढवळता ढवळता विचारलं,
तुला काही त्रास नाही ना गं तिथं?
मी म्हटलं, हो.
तो हो कशाला जोडलेला होता
तिनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
दोघी मुरड घालत बसलो.

सर म्हणतात, खरंच माहीत नसेल तर आवाज वर न्या,
नुसती मान डोलवून हवी असेल तर खाली.
चाकणचा वेल्डर झुंबर काळे
प्रत्येक शेपूट वर नेतो.
पारगे ताईंचं कायम खाली.
त्यांनी कुणाला काही विचारायचं
बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलंय.

आणि अपवाद. आय ॲम लेट, आरन्ट आय?
'ॲम'ला स्वतःचं शेपूट नाही,
शेजारून उसनं आणायचं.
नोबडी कॉल्ड, डिड दे?
कोणी नाही, आणि तरी 'दे'.
जे आलेच नाहीत त्यांचं अनेकवचन.
याच्याखाली मी दोनदा रेघ मारली,
परीक्षेसाठी नाही.

शनिवारी तीच डॉक्टर, तोच मास्क.
ही इझन्ट डायबेटिक, इज ही?
मी ट्रॉलीचा दांडा धरून थांबले.
माणूस बाजूला ठेवला. रिपोर्ट आठवला.
नो डॉक्टर, ही इझन्ट.
ट्रॉली सरळ आत गेली.

मान मात्र सगळा वेळ वरखाली,
हो हो म्हणत होती.
तिला अजून क्लास लावलेला नाही.